अपडेट आधी प्रतीवर

(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



माझा धंदा संगणक दुरुस्तीचा. त्यामुळे सकाळपासून जो भेटतोय तो एकच विचारतोय : विंडोज १० चे नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, आता ११ टाकू का? टाका. पण चालत्या डिस्कवर थेट नको.

१९ जुलै २०२४ आठवत असेल. क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख संगणक निळ्या पडद्यावर अडकले. आपल्याकडे विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून दिले. ते अपडेट आपोआप आले होते, चाचणीला वावच नव्हता. आपल्याला तो आहे.

मूळ डिस्कएवढी किंवा मोठी एसएसडी घ्या. क्लोनझिला हे मोफत साधन पेनड्राइव्हवरून चालते आणि डिस्कची हुबेहूब प्रत काढते. नुसत्या फाइली कॉपी केल्या तर त्यावर संगणक सुरू होत नाही, हे लोक विसरतात. बिटलॉकर असेल तर आधी रिकव्हरी की कागदावर उतरवा. प्रत झाली की मूळ डिस्क काढून कपाटात ठेवायची, प्रत जोडायची. तिच्यावर संगणक नीट सुरू झाला, तरच अपडेट. मग प्रिंटर चालतो का, टॅली उघडते का, श्रीलिपीचे डोंगल ओळखले जाते का, ते पाहा. एक मराठी पत्र छापा आणि जोडाक्षरे नीट वाचा. माझ्या अनुभवात गाडी तिथेच अडते. बिघडले तर जुनी डिस्क परत लावली की दुकान चालू.

चाचणी चालू असताना खरी बिले करू नका, ती कपाटातल्या डिस्कवर येणार नाहीत. आणि बायोसचे अपडेट मदरबोर्डवर होते, त्याला ही युक्ती लागू नाही.

सर मघाशी म्हणाले, शाळेचे दाखले निघतात तो संगणकही विंडोज १० चाच आहे आणि दुसरी प्रत कुठेच नाही. सर, उद्या रविवार. कार्यालय उघडून द्याल तर सकाळी दहाला येतो. टीपीएम २.० आहे का ते आधी बघू; नसेल तर ११ चा नाद सोडू, पण प्रत मात्र काढून ठेवू. डिस्क गाडीत आहे.