फ्यूज कोणासाठी?

अमेरिकेत मी एक जुनी मोटरहोम घेतली, म्हणजे चाकांवरचं घरच. प्रवासात डॅशबोर्डचे दिवे गेले. १५ अँपिअरचा फ्यूज सारखा उडायचा, म्हणून मी ३०चा बसवला. दिवे लागले, पण थोड्याच वेळात जळका वास आला. मागे मुलं झोपलेली! गाडी थांबवून बॅटरीची वायर काढली. डॅशबोर्ड उघडला, तर पत्र्याच्या कडेला घासून एका वायरचं आवरण गेलेलं, वायर वितळायला लागलेली.

दहावीत सरांनी शिकवलं होतं, फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो. नवी वायर टाकली, पत्र्याच्या भोकात रबरी बुश बसवला, फ्यूज पुन्हा १५चाच.

सर, त्या उत्तराला तेव्हा पूर्ण गुण मिळाले होते; अर्थ कळायला तीस वर्षं लागली.