पोच घेतली का?

गाळप आटोपलं की मार्च-एप्रिलमध्ये परळी तालुक्यातल्या सिरसाळ्याच्या भागातले ऊसतोड मजूर गावाकडं परततात. कोयता हातात, पण काम नाही. मग रोजगार हमीच्या कामाची मागणी होते, तीही बहुतेक वेळा तोंडी. ग्रामरोजगार सेवक पारावर भेटला, "काम निघालं की सांगा" म्हटलं, झालं! पंधरवडा उलटतो. बेरोजगार भत्ता मागायला गेलं की उत्तर येतं, तुमची मागणीच नोंदलेली नाही.

घोडं इथंच अडतं.

हाच गडी कारखान्यावर किती सावध असतो! काट्यावरची वजनाची पावती घेतल्याशिवाय बैलगाडीवाला हलत नाही. ऊस गव्हाणीत पडला, चरकात गेला, की टन दाखवणार कुठून? कामाविना गेलेले दिवसही असेच चरकात जातात. एप्रिलचा रिकामा पंधरवडा जूनमध्ये साहेबापुढं कसा मांडणार? म्हणून लेखी अर्ज आणि तारखेसह पोच. ती मागणं म्हणजे भांडण नव्हे, कायद्यानं दिलेला हक्क आहे.

रोजगार हमीच्या 2005 च्या केंद्रीय कायद्याचं कलम 7 सांगतं: 15 दिवसांत काम मिळालं नाही तर पहिले 30 दिवस मजुरीच्या किमान चौथा हिस्सा, पुढं किमान निम्मा भत्ता. 2024-25 ची मजुरी 297 रुपये होती, म्हणजे सुरुवातीला रोज 74 रुपये 25 पैसे. महाराष्ट्राच्या 1977 च्या कायद्यात हाच भत्ता रोज किमान एक रुपया होता. 2005 च्या कायद्यानुसार अकुशल मजुरी केंद्र देतं, भत्ता मात्र राज्याच्या तिजोरीतून जातो; पोच देताना हात का आखडतो, हे यावरून कळावं.

भत्त्याला नकार आलाच, तर तो लेखी मागावा. मग पोचेची प्रत जोडून परळीच्या तहसील कार्यालयात कार्यक्रम अधिकाऱ्याकडं तक्रार करावी. ती नोंदवहीत चढवून 7 दिवसांत निकाली काढायची असते. या तक्रारीचीसुद्धा पोच घ्यायची बरं का! पुन्हा तोंडी सांगून आलात तर सगळं मुसळ केरात. तिथं दाद लागली नाही तर रोजगार हमीचे लोकपाल आहेत. त्यांच्याविषयी सविस्तर बोलायला आज वेळ उरलेला नाही.

एक मात्र राहूनच चाललं होतं. कामावर बोलावणं आलं आणि 15 दिवसांत हजर झालं नाही, तर 3 महिने भत्ता मागता येत नाही.