मेंदूची घडण आणि आपल्या सोयरिकी

गोंदियाच्या बांधीत चिखलणी नीट झाल्याखेरीज रोवणी साधत नाही. गर्भातील मेंदूचेही तसेच आहे. तेथे मज्जापेशी प्रवास करून आपापल्या थरात स्थिरावतात; त्यांस ठाव दाखविणारी द्रव्ये पेशींबाहेरील जाळ्यात असतात. १९९५ साली उलगडलेले ‘रीलिन’ हे त्यांपैकीच एक प्रथिन. त्याचे जनुक माता व पिता या दोघांकडूनही सदोष आल्यास मेंदूच्या वळ्या नीट पडत नाहीत, लहान मेंदू खुरटतो. हे २००० साली नात्यांत विवाह झालेल्या कुटुंबांत दिसून आले. विकार अतिविरळ खरा. तथापि रक्तसंबंध जितका निकट, तितका अशा दोषांची गाठ पडण्याचा संभव अधिक. म्हणून आमची विनंती एवढीच, की मामे-आते भावंडांची सोयरीक जुळविण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, आणि अपत्याच्या व्यंगाचे खापर एकट्या सुनेच्या माथी फोडू नये.