निस्क्वाली : नदी आणि तिची माणसे



आपल्यापैकी पुष्कळांची आडनावे गावांवरून पडली. गाव सुटले, नाव तेवढे उरले. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात मात्र एक जमात व एक नदी अद्याप एकाच नावाने एकत्र नांदत आहेत. रेनियर पर्वतावरील हिमनदीतून निघून सागराच्या प्यूजेट साउंड या फाट्यास मिळते ती निस्क्वाली नदी. तिच्यातील सॅमन माशांवर पिढ्यान्‌पिढ्या जगले ते निस्क्वाली लोक.

१८५४ च्या मेडिसिन क्रीक तहाने सरकारने त्यांची बहुतेक भूमी घेतली. नेहमीच्या जागी इतर नागरिकांसमवेत मासे धरण्याचा हक्क तेवढा राखला. पुढे राज्याचे अधिकारी त्याच नदीत जाळे टाकणाऱ्यांस पकडू लागले. बिली फ्रँक यांस १९४५ साली प्रथम अटक झाली तेव्हा त्यांचे वय अवघे १४ वर्षांचे होते. अशा अटका ५० हून अधिक झाल्या!

व्याकरण शिकविण्यात आमचे आयुष्य गेले, म्हणून पुढील गोष्ट आम्हांस विशेष वाटते. १९७४ साली न्यायमूर्ती जॉर्ज बोल्ट यांनी त्या ‘समवेत’ शब्दाचा अर्थ लावला : धरण्याजोग्या माशांपैकी निम्म्यापर्यंत वाटा तह केलेल्या जमातींचा. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो बहुतांशी मान्य केला.

वाटा मिळाला, परंतु तोवर मासेच रोडावले होते. म्हणून २००९ साली नदीमुखावरील, शेतीसाठी घातलेला जुना बांध काढण्यात आला आणि भरतीचे पाणी पुन्हा आत आले. फ्रँक २०१४ मध्ये निवर्तले. तेथील अभयारण्यास आता त्यांचे नाव आहे.