बंदूक ठाण्यात, दारू माळ्यावर
(मेडशी येथील बैठकीतील भाषण)



कापसाच्या भावावर बोलायला आपण जमलो आहोत, ते बोलणे होईलच. पण भाव नाही म्हणून जो कापूस आपण उन्हाळ्यापर्यंत घरात भरून ठेवतो, त्याच घरात माळ्यावर आणखी काय पडले आहे, ते आधी विचारतो.

मेडशीला जंगल लागून. ज्वारी हुरड्यावर आली की डुकरे आणि रोही वावरात. म्हणून कोणाच्या आज्याने ठासणीच्या बंदुकीचा परवाना काढला. पीक राखायला असा परवाना देण्याची तरतूद 1959 च्या शस्त्र कायद्यातच आहे. निवडणूक आली की ठाण्यातून निरोप येतो, बंदूक जमा करा. आपण मुकाट्याने जमा करतो. दारूचा डबा मात्र कोणी मागत नाही. आजा गेला, बंदूक गेली, डबा तिथेच.

ठासणीची काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. कोरडी राहिली तर ती वयाने मरत नाही. ओल लागली की गोळे होतात, वर पांढरे फुटते, आणि घरचे म्हणतात, नासली. पण वाळली की एका ठिणगीला पुरते. ते गोळे खलबत्त्यात फोडायला घेऊ नका.

काडतुसातली बिनधुराची दारू वेगळी. ती आपल्याच मालाची आहे, भावांनो! 1846 मध्ये बाझलच्या शोनबाईन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने कापूस तेजाबात बुडवून तिचा मूळ पदार्थ शोधला. सरकीवरची आखूड लव त्या कामाला येते. भाव आपल्याला कापसाचाच मिळाला, ते सोडा. ही दारू आपली आपणच कुजते. कुजताना तेजाबी वाफ सोडते, आणि ती वाफ कुजणे आणखी वाढवते. वाफ शोषणारे एक औषध कारखान्यात मिसळलेले असते, पण ते संपते. थंड जागी दारू कित्येक वर्षे टिकते, वैशाखात टिनाखाली तेच औषध लवकर संपते. मग साठलेली दारू आतून तापून आपोआप पेटू शकते. 1911 मध्ये फ्रान्सच्या तुलाँ बंदरात लिबर्ते ही युद्धनौका अशाच जुन्या दारूने उडाली, दोनशेहून अधिक माणसे गेली.

कापूस आणि स्फोटके शेजारी ठेवल्याचे फळ मुंबईने पाहिले आहे. 14 एप्रिल 1944 रोजी व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजावर सुमारे 1,400 टन स्फोटके होती आणि कराचीहून भरलेल्या कापसाच्या गाठीही. कापूस धुमसला आणि गोदी उडाली. आग विझवायला गेलेले 66 अग्निशामक जवान मेले. आपल्या घरात माप लहान आहे, शेजार तोच आहे.

आता डबा कसा ओळखायचा? बरी दारू उघडली तर किंचित स्पिरिटसारखा वास येतो. वास नाकाला झोंबला, दाण्यांवर तांबूस धूळ दिसली, झाकण आतून गंजले किंवा डबा हाताला गरम लागला, तर ती गेली. तांबूस वाफ दिसली तर हात लावू नका, माणसे आणि जनावरे बाहेर काढा आणि ठाण्याला कळवा.

चांगली दारू ठेवायची तर परवान्यात लिहिली तेवढीच, तिच्या मूळ डब्यात, थंड कोरड्या जागी, चुलीपासून, कापसापासून, कुटारापासून दूर. टोप्या त्याच डब्यात नकोत. काचेची बाटली नको, आणि जड लोखंडी पेटीही नको. सुरक्षित वाटते म्हणून लोक पेटीत कोंबतात, पण आत पेट घेतला तर कोंडलेली दारू पेटीचा बॉम्ब करते. दोन डब्यांतली दारू एकत्र करू नका. चिठ्ठी नसलेली दारू काडतुसात भरू नका, नळी फुटली तर जातो तो आपला हात.

ज्या घरात परवानेदार वारला, त्या घराने शस्त्र आणि दारूगोळा विनाविलंब जवळच्या ठाण्यात द्यावा, असे त्याच कायद्याचे कलम 21 सांगते. खराब दारू पिशवीत घालून एस.टी.ने नेऊ नका. ठाणेदाराला अर्ज द्या, डबा घरी आहे, येऊन घ्या, आणि पोच मागा. विहिरीत किंवा उकिरड्यात टाकाल तर पोरांच्या हाती लागेल.

आजच्या ठरावांत एक ओळ वाढवा: बंदूक जमा करून घेताना ठाण्याने दारू, टोप्या आणि काडतुसेही मोजून घ्यावीत आणि पावतीवर लिहावीत. ठराव मांडायला कोण उभे राहते?