पांढरीतले धान्य



या स्मृतिव्याख्यानासाठी विषय निवडण्याचे स्वातंत्र्य मंडळाने मला दिले. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने संतवाङ्मयावर किंवा दख्खनी आणि मराठी यांच्या नात्यावर बोलावे, अशी आपली अपेक्षा असेल आणि ती रास्तच आहे. मी मात्र आज धान्याच्या साठवणीविषयी बोलणार आहे. मी कृषिशास्त्रज्ञ नाही. या विषयाकडे मी शब्दांच्या वाटेने आलो.

पेव, बळद, कणगी, कोठी, कोठार, अंबार, रांजण, उतरंड, तट्टा, मुडा. आयुष्यभर शब्दकोशांच्या सहवासात राहिलेल्या माणसाला ही यादी नुसती वाचतानाही कौतुक वाटते. धान्य ठेवण्याच्या जागेसाठी ज्या भाषेला इतके शब्द लागले, त्या भाषेच्या लोकांनी दुष्काळ किती पाहिले असतील! मोल्सवर्थसाहेबांच्या कोशात पेव अनुस्वार देऊन ‘पेंव’ असे छापलेले आढळते. आज हा शब्द वर्तमानपत्रात रोज भेटतो. शिकवणीवर्गांचे पेव फुटते, पुरस्कारांचे पेव फुटते. मात्र वर्गात विद्यार्थ्यांना ‘पेव म्हणजे काय?’ असे विचारले की बहुधा शांतता पसरे. वाक्प्रचार उरला आणि वस्तू गेली, असे भाषेत पुष्कळदा घडते. ही वस्तू कशी गेली आणि तिच्या जागी काय आले, एवढाच आजचा प्रश्न आहे.

आपल्याकडे शेतजमिनीला ‘काळी’ आणि गावठाणाला ‘पांढरी’ म्हणतात. काळी पिकवी आणि पांढरी साठवी. काळ्या मातीत ओल टिकते, ती भेगाळते, म्हणून तिच्यात पेव खणत नसत. गावठाणाच्या उंचवट्यावर, घट्ट पांढऱ्या मातीत किंवा मुरमात, तोंडाशी अरुंद आणि खाली घागरीसारखा फुगत जाणारा खड्डा खणायचा; तळाला आणि भोवताली कडब्याचा व भुसाचा थर द्यायचा; उन्हात खडखडीत वाळलेली ज्वारी ओतायची आणि तोंडावर फरशी ठेवून माती लिंपून टाकायची. दाणा वाळला की नाही हे दातांखाली धरून पाहत. कट्ट आवाज आला तर वाळला, दाणा चेपला तर अजून दोन उन्हे हवीत. त्यात फार मोठे शास्त्र होते. ज्वारीतील ओलावा शेकडा बाराच्या आसपास किंवा त्याखाली असेल, तरच ती दीर्घकाळ टिकते, असे आजचे तज्ज्ञ सांगतात.

लहानपणी मराठवाड्यात मी पेव उघडताना पाहिले आहे. फरशी सरकवल्यावर लगेच कोणी आत उतरत नसे. तोंड बराच वेळ मोकळे ठेवीत, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडीत. कंदील विझला तर थांबायचे, तेवत राहिला तर माणूस उतरायचा. ही खबरदारी न घेतल्यामुळे पेवात गुदमरून माणसे मेल्याच्या हकिगती मराठवाड्यात सर्वत्र ऐकू येत. ज्या कारणाने कंदील विझे, त्याच कारणाने धान्य टिके. बंद पेवात दाणे आणि त्यांतील किडे श्वसन करतात; प्राणवायू संपत जातो, कार्बन डायऑक्साइड साचतो आणि किडे मरतात. अमेरिकेतील परड्यू विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस आफ्रिकेतील कॅमेरून देशात चवळीसाठी हवाबंद प्लॅस्टिकची साठवण विकसित केली. आज तीच तिपदरी पिशवीच्या रूपाने अनेक देशांत वापरली जाते, आणि तिचे तत्त्व पेवाचेच आहे. ‘आमच्या पूर्वजांना सारे ठाऊक होते’ असे म्हणण्याचा माझा मुळीच हेतू नाही. पेवाच्या कडेची ज्वारी ओलीने काळवंडे, तिला एक कुबट वास येई आणि बऱ्याचदा ती गडीमाणसांच्या वाट्याला जाई.

पेव कोणाचे असे, हेही विचारले पाहिजे. ते पाटलाचे, देशमुखाचे, सावकाराचे असे. बलुतेदार खळ्यावर वर्षाचे धान्य घेऊन जाई आणि त्याच्या घरी फार तर एखादी कणगी आणि दोन रांजण असत. भूमिहीन मजुराकडे तेवढेही नसे. दुष्काळात पेव उघडे तेव्हा धान्य दिढीने मिळे, म्हणजे एक पायली न्यायची आणि सुगीत दीड परत करायची. गावात धान्य आहे आणि तरीही गावात उपासमार आहे, ही अवस्था आपल्या इतिहासात नवी नाही.

दामाजीपंतांची कथा या दृष्टीने मला फार अर्थपूर्ण वाटते. परंपरा असे सांगते की, पंधराव्या शतकात बेदरच्या बादशहाचे मंगळवेढ्याचे अधिकारी दामाजीपंत यांनी दुष्काळात सरकारी कोठारे लोकांसाठी खुली केली आणि त्याचे मोल विठ्ठलाने विठू महाराच्या रूपाने बेदरच्या दरबारात भरले. ही कथा आपण भक्तीची म्हणून वाचतो. प्रशासनाची कथा म्हणून ती वाचली तर असे दिसते की कोठार भरलेले होते, भुकेले लोक दाराशी होते, आणि दार उघडण्यासाठी एका माणसाला शिर हातावर घ्यावे लागले. त्याला वाचवायला प्रत्यक्ष देव यावा लागला. कौटिल्याने मात्र ही गोष्ट कोणाच्या दयाबुद्धीवर सोडली नव्हती. कोष्ठागारातील निम्मा साठा जनपदावरील आपत्तीसाठी वेगळा ठेवावा आणि जुन्याच्या जागी नवे धान्य भरत जावे, असा दंडकच अर्थशास्त्रात आहे. गोरखपूर जिल्ह्यात सोहगौरा येथे सापडलेल्या प्राचीन ताम्रपटात आपत्काळासाठी राखलेल्या दोन कोठारांचा उल्लेख आहे. याउलट १७७०च्या बंगाल-बिहारच्या दुष्काळानंतर इंग्रजांनी पाटण्याला १७८६ मध्ये ‘गोलघर’ नावाचे अवाढव्य कोठार बांधले. ते पूर्ण क्षमतेने कधीच भरले गेले नाही. आज पर्यटक त्याच्या पायऱ्या चढून गंगेचे दृश्य पाहतात.

१९७२च्या दुष्काळाविषयी या सभागृहातील ज्येष्ठांना मी काय सांगावे? खडी फोडणारे हात, अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी आणि सुकडी त्यांच्या स्मरणात असेलच. त्या वेळी दूरची कोठारे आणि रोजगार हमी यांनी माणसे जगवली, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. भारतीय अन्न महामंडळाची स्थापना १९६५ सालची. ते नसते तर काय झाले असते, याची कल्पनाही करवत नाही. पण दुष्काळ हा पायी येणारा पाहुणा आहे. तो येत असल्याचे दोन-चार महिने आधी दिसते आणि तेवढ्यात आगगाड्या धान्य पोचवू शकतात. भूकंप आणि पूर असा अवधी देत नाहीत.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी गणेशविसर्जन झाले होते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली. तेथील घरे माळवदाची होती. दगडमातीच्या दोन-दोन, तीन-तीन फूट रुंद भिंती आणि डोक्यावर मातीचे जड छत. बळद अशाच घरात असे. भिंतीलगत किंवा भिंतीच्या पोटातच कप्पा करून त्यात वरून धान्य ओतायचे आणि खालच्या लहान भोकातून काढून घ्यायचे, अशी ती सोय होती. ज्या भिंतींनी पिढ्यानपिढ्या धान्य राखले, त्यांनीच त्या पहाटे माणसे गाडली आणि धान्यही गाडले. दिवस रब्बीच्या पेरणीचे होते. खाण्याची ज्वारी आणि बियाण्याची ज्वारी एकाच ढिगाऱ्याखाली होती.

त्यानंतर पुनर्वसन झाले. बावन्न गावे नव्या जागी वसवण्यात आली. जमीनधारणेनुसार २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरे देण्यात आली. एवढे मोठे काम त्या वेळी देशात अपूर्व होते आणि ते करणाऱ्यांविषयी मला आदर आहे. पण नव्या गावांचा आखीव, चौकटीचा नकाशा पाहताना, बैठकीची खोली, स्वयंपाकघर, न्हाणीघर यांच्यामध्ये धान्य कुठे ठेवायचे, या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. घर आखणाऱ्याच्या मनात महिन्याच्या पगारावर जगणारे, वाण्याकडून पाच किलो पीठ आणणारे कुटुंब असावे. शेतकऱ्याच्या घरात वर्ष भरून ठेवावे लागते. लोकांनी मग आपापल्या परीने पत्र्याचे आडोसे उभे केले, पोती पलंगाखाली आणि खोलीच्या कोपऱ्यात रचली. भूकंपाला टिकणारे घर मिळाले, पण अन्नाच्या दृष्टीने ते अपुरे राहिले. माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा हाच आहे. आपत्तीनंतर आपण घरे, रस्ते, शाळा, समाजमंदिरे मोजतो. पांढरीतल्या धान्याची जागा कोणी मोजत नाही.

त्यात प्रत्येक आपत्तीला साठवणीची जागा निराळी लागते. दुष्काळी मुलखात जमिनीखालचे पेव उत्तम; तेच पुरात पहिल्या दिवशी पाण्याने भरेल. भूकंपाच्या पट्ट्यात भिंतीतले बळद घातक. तेथे हलकी, सुटी, बुटकी कोठी हवी. पुराच्या गावात कोठी उंच ओट्यावर, झाकण घट्ट आणि पाय जखडलेले हवेत. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात, पुन्हा जुलै २०२१ मध्ये, कृष्णा-पंचगंगेचे पाणी घराघरांत शिरले. सप्टेंबर २०२५ मध्ये तर ज्या सीना नदीकाठी आपण अवर्षणाचीच चर्चा करत आलो, तेथे माढा, करमाळा, परांडा या भागांत पुराने हाहाकार केला. म्हणजे एकाच मुलखाला आता दुष्काळ आणि पूर अशा दोन टोकांच्या आपत्ती सोसायच्या आहेत, आणि किल्लारीच्या परिसराला तर तिसरीचीही आठवण आहे. पोत्यातले धान्य या तिन्हींपैकी एकीलाही पुरे पडत नाही.

साधने नाहीत असे मुळीच नाही. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने मातीच्या किंवा कच्च्या विटांच्या दोन थरांमध्ये प्लॅस्टिकचा पडदा घालून ‘पुसा कोठी’ तयार केली. उत्तर प्रदेशातील हापूरच्या धान्यसाठवण संस्थेने पत्र्याच्या कोठ्यांचे नमुने दिले. त्या संस्थेचे एक केंद्र आपल्या हैदराबादेतही आहे, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक असेल कोण जाणे. घराघरांतील बायकांपाशी कडुनिंबाचा पाला, मुगा-मटकीला राख, गव्हाला एरंडेल हे ज्ञान होतेच. त्याची जागा आता विषारी वायू सोडणाऱ्या गोळ्यांनी घेतली आहे. गोदामासाठी केलेले हे विष माणसे जेथे झोपतात त्या खोलीत पोत्यांवर ठेवले जाते, याचे मला भय वाटते.

आणखी एक बदल झाला. लातूरच्या शिवारात ज्वारीची जागा मोठ्या प्रमाणावर सोयाबीनने घेतली. सोयाबीन घरात भरून ठेवून खाण्याचे पीक नव्हे. ते थेट आडतीवर जाते. पैसा येतो, तो यावाच. पण स्वस्त धान्य दुकानातून मुख्यतः गहू-तांदूळ मिळतो, तोही महिन्याच्या हप्त्याने. पुराने रस्ता तुटला की शेतकऱ्याचे घर आणि शहरातल्या भाडेकरूचे घर यांत फरक उरत नाही.

यावर कोणी काही केले आहे का, असे विचाराल तर फार दूर जायला नको. आपल्या शहरातून मुंबईच्या हमरस्त्याने बेदरच्या बाजूला निघालात की जहीराबाद लागते. त्याच्याजवळच्या पस्तापूरला १९८३ पासून डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी ही संस्था काम करते. तिच्या महिला संघांत बहुसंख्य दलित स्त्रिया आहेत. १९९०च्या दशकात त्यांनी गावोगाव पडीक जमिनी लागवडीखाली आणण्यास मदत केली आणि त्या मदतीची परतफेड पैशाऐवजी ज्वारीत घेतली. ती ज्वारी गावातच, शेणमातीने लिंपलेल्या कणग्यांत, कडुनिंबाचा पाला आणि राख घालून ठेवली. पावसाळ्याच्या टंचाईच्या महिन्यांत ती गावातल्याच गरीब घरांना स्वस्तात दिली. कोणते घर किती गरीब, हे सरकारी दाखल्यावरून न ठरवता गावकऱ्यांनी चारचौघांत ठरवले. दामाजीपंतांच्या कथेत किल्ली राजाकडे होती, पाटलाच्या पेवाची किल्ली पाटलाकडे होती. येथे ती प्रथमच ज्यांच्या पूर्वजांच्या घरी कधी पेव नव्हते त्या बायकांच्या हाती आली. बेदर तेथून जवळच आहे. इतिहास असाही कधी कधी सूड उगवतो.

केंद्र सरकारने मे २०२३ मध्ये सहकारी क्षेत्रातील धान्यसाठवणीची मोठी योजना मंजूर केली. पाच वर्षांत सातशे लाख टन क्षमतेचे उद्दिष्ट आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये अकरा राज्यांतील अकरा सोसायट्यांच्या गोदामांचे उद्घाटन झाले. त्यांत अमरावती जिल्ह्यातील नेरपिंगळाई आणि तेलंगणातील गंभीरावपेट आहे. गाव-सोसायटीपर्यंत गोदाम येते आहे ही चांगली गोष्ट आहे. मात्र त्या गोदामात व्यापाराचा माल आणि सरकारी खरेदीच साठत राहिली, तर आपत्तीच्या रात्री त्याची किल्ली कोणाकडे, हा जुना प्रश्न तसाच राहील. कौटिल्याचा निम्मा वाटा राहू द्या, एक दशांश जरी गावासाठी लेखी राखून ठेवला तरी फरक पडेल.

घराचा हिशेब तर अगदी सोपा आहे. पाच माणसांच्या कुटुंबाला दिवसाला अडीच किलो धान्य धरले, तर सहा महिन्यांना साडेचार क्विंटल होते. तीन फूट लांब, तीन फूट रुंद आणि चार फूट उंच जागेत सुमारे सात क्विंटल ज्वारी मावते. म्हणजे प्रश्न नऊ चौरस फुटांचा आहे. अडीचशे चौरस फुटांच्या घरातही तेवढी जागा काढता येते. फक्त ती भिंत बांधण्यापूर्वी, जमिनीपासून उंच, ओलीपासून दूर आणि उंदराच्या वाटेबाहेर आखावी लागते. या शाळेचे कितीतरी माजी विद्यार्थी आज वास्तुविशारद, स्थापत्य अभियंते आणि शासनाचे अधिकारी आहेत, काही या सभागृहातही आहेत. पुढच्या पुराच्या किंवा भूकंपाच्या पुनर्वसनाचा नकाशा त्यांच्यापैकी कोणाच्या तरी टेबलावर येईलच. त्यात हे नऊ चौरस फूट आहेत का, एवढे त्यांनी सही करण्यापूर्वी पाहावे, अशी माझी विनंती आहे. आखताना घरातल्या बाईला एकदा विचारावे. जागा कुठे हवी ते ती नेमके सांगेल.