उमेद कशाला बांधायची?



आज मराठीत नव्याने लिहू लागलेल्यांचा एक मोठा वर्ग असा आहे, ज्याचे पहिले वाक्य मोबाइलच्या पडद्यावरच वाचले जाते. 1996 मध्ये मायबोली हे संकेतस्थळ सुरू झाले, 2007 मध्ये मिसळपाव आले, 2014 पासून प्रतिलिपीसारख्या मंचांवर क्रमशः कथांना वाचक मिळू लागले. संपादकाच्या टेबलावर लिखाण महिनोन्महिने पडून राहणे आणि ‘साभार परत’ची चिठ्ठी येणे, हा अनुभव या पिढीतल्या पुष्कळांना ठाऊकच नाही. लिहायला सुरुवात करणे इतके सोपे मराठीत कधीच नव्हते. लिहीत राहणे मात्र सोपे झालेले नाही. बाराव्या, पंधराव्या भागापाशी थांबलेल्या कथा, वर्षभर जोमात चाललेली आणि मग अचानक गप्प झालेली लेखनखाती पाहिली की, ही माणसे कुठे गेली, असा प्रश्न पडतो. ‘चिकाटी कमी पडली’ असे म्हणून आपण तो प्रश्न निकालात काढतो. मला ते मान्य नाही. लेखकाची उमेद त्याच्या मनाच्या कणखरपणावर जितकी अवलंबून असते, त्याहून कितीतरी अधिक ती त्याने कशाला बांधली आहे यावर अवलंबून असते. आपले ऑनलाइन लेखक ती आकड्याला बांधतात. तिथेच ती तुटते.

हा आकडा जरा जवळून पाहू. समजा एखाद्या लेखिकेने कथामालिका सुरू केली. पहिला भाग दोन हजार वेळा उघडला गेला, तिसरा सातशे, नववा दीडशे. दहावा भाग लिहायला बसताना तिच्या डोळ्यांसमोर हा उतार असतो आणि आपली कथा घसरत चालली आहे असे तिला वाटते. पण पहिल्या भागाच्या दोन हजारांत कोण कोण होते? चित्र पाहून आत शिरलेले, चार ओळी वाचून बाहेर पडलेले, बसमध्ये चुकून बोट लागलेले, ओळखीखातर उघडून पाहिलेले. तो आकडा चाळणाऱ्यांचा होता. नवव्या भागापर्यंत आलेले दीडशे मात्र आठ भाग वाचून आलेले आहेत. त्यांना पात्रांची नावे पाठ आहेत, आणि खाली ‘पुभाप्र’ लिहिणारा खरोखरच पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत आहे. क्रमशः लेखनाचा आलेख बहुधा असाच उतरतो. कथा चांगली असली तरी उतरतो. म्हणजे जो आकडा ती अपयशाची खूण म्हणून वाचते, त्यातच तिचे खरे वाचक बसलेले असतात. पडदा तिला हे सांगत नाही. तो दोन हजार आणि दीडशे एकाच मापाने मोजतो.

त्यात हे माप क्षणाक्षणाला बदलते. फर्स्टर आणि स्किनर या मानसशास्त्रज्ञांनी 1957 मध्ये बक्षिसांच्या वेळापत्रकांवरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. कबुतरांवरच्या त्यांच्या प्रयोगांतून दिसले की, दाणा किती वेळा चोच मारल्यावर मिळेल याचा नेम नसला, तर पक्षी चोच मारतच राहतो. फेसबुकवर 2009 मध्ये लाईकचे बटण आले तेव्हापासून लेखकाच्या हाती असेच अनियमित बक्षीस आलेले आहे. भाग प्रसिद्ध केल्यावर पुढचे दोन तास तो पुन्हा पुन्हा फोन उघडून पाहतो. पुढचा भाग ज्या वेळात लिहून व्हायचा, तो वेळ मागच्या भागाचा निकाल पाहण्यात जातो. याला आळस म्हणता येणार नाही, कारण तो दमतो तितकाच. लेखन मात्र पुढे सरकत नाही.

‘आकडा फसवा असेल, पण शेवटी चांगले लेखनच वर येते ना?’ असे कोणी विचारेल. याचे उत्तर एका प्रयोगात आहे आणि ते थोडे गुंतागुंतीचे आहे. सॅल्गानिक, डॉड्स आणि वॉट्स यांनी 2006 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्याचे निष्कर्ष मांडले. चौदा हजारांवर लोकांना अपरिचित वाद्यवृंदांची 48 गाणी ऐकायला आणि आवडल्यास उतरवून घ्यायला दिली. काहींना इतरांनी काय निवडले ते दिसत नव्हते. बाकीचे आठ वेगळ्या गटांत विभागलेले होते आणि प्रत्येकाला आपल्याच गटातले आकडे दिसत होते. गाणी तीच, पण एका गटात डोक्यावर घेतलेले गाणे दुसऱ्या गटात मधेच कुठेतरी राहिले. आकडे दिसू लागताच लोकप्रिय आणि दुर्लक्षित यांच्यातली दरी वाढली आणि कोणते गाणे गाजेल याचा अंदाज बांधणे अवघड झाले. उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत, अगदी सुमार गाणी सहसा शिखरावर पोचली नाहीत. या दोहोंच्या मधल्या पुष्कळ गाण्यांचे काहीही होऊ शकत होते. गुणाला किंमत आहे, हे यातून दिसते आणि ते दिलासा देणारे आहे. पण आपल्यातले बहुतेक लेखक, निदान सुरुवातीची काही वर्षे, या मधल्या प्रदेशातच असतात. तिथे पहिले वीस वाचक कोणत्या दिशेला वळले यावर पुढचे पुष्कळ ठरते. अशा आकड्यावर स्वतःची योग्यता ठरवणे म्हणजे स्वतःवर अन्याय करणे आहे.

याहून खोल इजा लेखनालाच होते. टेरेसा अमाबिले यांनी 1985 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास लिहिणाऱ्यांवरच होता. सर्जनशील लेखन करणारे 72 जण त्यांनी निवडले. प्रत्येकाने आधी बर्फावर एक छोटी कविता लिहिली. मग एका गटाला, आपण का लिहितो याची पैसा, नाव, इतरांची वाहवा अशी बाहेरची कारणे क्रमाने लावायला दिली. दुसऱ्या गटाला लिहिण्यातला आनंद, स्वतःला व्यक्त करण्याची गरज अशी आतली कारणे दिली, आणि तिसऱ्याला यातले काहीच दिले नाही. मग सर्वांनी हसण्यावर दुसरी कविता लिहिली. बारा कवींनी त्या तपासल्या. बाहेरच्या कारणांचा काही मिनिटे विचार करून लिहिणाऱ्यांच्या दुसऱ्या कविता लक्षणीयरीत्या फिक्या निघाल्या. ज्यांनी आतल्या कारणांचा विचार केला त्यांच्या कविता काही उजळल्या नाहीत; त्या होत्या तशाच राहिल्या. मला हा दुसरा निष्कर्ष पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो. स्वतःला स्फूर्ती देणाऱ्या वाक्यांनी लेखन सुधारत नाही, पण हिशेब डोक्यात घेऊन बसले की ते बिघडते. काही मिनिटांच्या प्रश्नावलीने एवढे होत असेल, तर दिवसभर खिशात वाजणाऱ्या फोनने काय होत असेल?

मग लेखकाने कोणाचेच ऐकू नये का? उलट, ऐकले पाहिजे. पण शब्द ऐकले पाहिजेत. एडवर्ड डेसी यांनी 1971 मध्ये दाखवले की, आवडीने कोडी सोडवणाऱ्यांना पैसे दिल्यावर त्यांची कोड्यांतली गोडी घटली, आणि कामाबद्दल तोंडी दाद दिल्यावर ती वाढली. दोन्ही गोष्टी बाहेरूनच आल्या होत्या. फरक इतकाच की, पहिलीत मोबदला होता आणि दुसरीत तुझे काम कोणीतरी पाहिले आहे याची खात्री होती. ‘सातव्या भागात सासूला एकदम खलनायिका केलीत, ते पटले नाही, आधीची सासू जास्त खरी होती’ असे एकच वाक्य लेखिकेला आठवडाभर कामाला लावते. पाचशे अंगठे तिला रात्रभर जागवतील, पण लिहायला काही देणार नाहीत.

आपल्याच परंपरेत याचा पुरावा आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 1874 पासून सात वर्षांत ‘निबंधमाला’ या मासिकाचे 84 अंक काढले आणि ते जवळजवळ एकहाती लिहिले. 1880 मध्ये न्यू इंग्लिश स्कूल सुरू करण्याआधीच्या वर्षांत ते सरकारी शाळेत शिक्षक होते. नोकरी करता करता माला चालत होती. हरिभाऊ आपट्यांनी 1890 मध्ये ‘करमणूक’ सुरू केले आणि ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी त्यात क्रमशः येऊ लागली. पाव शतकाहून अधिक काळ ते हे साप्ताहिक चालवत राहिले, आणि पोटापाण्याचा भार पुण्यातल्या आनंदाश्रम या संस्थेच्या व्यवस्थापनावर होता. या दोघांच्या उमेदीचे रहस्य शोधताना आपण त्यांच्या ध्येयनिष्ठेबद्दल बोलतो आणि ते खरेही आहे. पण ध्येयनिष्ठ माणसे इतरही होती. या दोघांपाशी आणखी काही होते. अंक ठरलेल्या मुदतीत निघायचा होता आणि मजकूर त्यासाठी तयार व्हायचा होता. वाचक वर्गणीदार होते, म्हणजे पुढचे लेखन येणार या भरवशावर आधीच पैसे भरलेले लोक होते. कोणत्या पानावर किती नजरा थांबल्या हे कळायला काही मार्गच नव्हता. हरिभाऊंच्या काही कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या हेही सांगितले पाहिजे. ठरलेली मुदत सर्व काही तारून नेत नाही. तरीही जे पूर्ण झाले, ते त्या मुदतीमुळे झाले.

इथे एक रास्त आक्षेप येतो. आकड्याकडे पाहू नका हे सांगणे पगारदाराला सोपे आहे. ज्याला लेखनावर घर चालवायचे आहे त्याने काय करायचे? आणि लोकप्रियतेत वाईट काय? बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या आणि गावोगावच्या वाचनालयांत त्या झिजेपर्यंत वाचल्या गेल्या. मराठीत वाचनाची सवय लावणाऱ्यांत त्यांचे नाव आदराने घेतले पाहिजे. पैसा आणि लोकप्रियता यांना नाक मुरडणारा मी नाही. माझे म्हणणे वेळापत्रकाबद्दल आहे. मराठी ऑनलाइन लेखनाची कमाई आजही तुटपुंजी आणि अनिश्चित आहे. गूगलच्या जाहिरात-व्यवस्थेने हिंदीला 2014 मध्ये प्रवेश दिला, मराठीची पाळी त्यानंतर काही वर्षांनी आली. 2011 च्या जनगणनेत आठ कोटींहून अधिक मातृभाषक नोंदलेल्या भाषेची ही गत आहे. अशा बाजारात पहिल्या दोन-तीन वर्षांत लेखनाने आपल्याला पोसावे अशी अट घातली, तर लेखनच दडपणाखाली येते. ज्याला यातून कमवायचे आहे त्याने महिन्यातून एकदा, हिशेबाला बसावे तसे बसून, आकडे जरूर पाहावेत: कोणत्या विषयाला वाचक टिकले, कुठे गळले. ते धंद्याचे काम आहे आणि धंदा प्रामाणिकपणे करावा. लिहिण्याच्या खोलीत मात्र आकड्याला प्रवेश नको.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. आकडा नाकारला की सुमार लेखकाला स्वतःची समजूत घालायला आयते निमित्त मिळते. ‘लोकांना कळत नाही’ म्हणून तो वर्षानुवर्षे तेच ते लिहीत राहतो. हा धोका खरा आहे. पण आकडाही त्याला यातून वाचवत नाही. कुठे चुकले हे आकडा सांगूच शकत नाही, तो फक्त दुखावतो किंवा सुखावतो. चूक दाखवायला वाचणारा माणूस लागतो, ज्याला आपण संपादक म्हणत आलो. ‘साभार परत’च्या जाचातून सुटका झाली याचा आनंद मलाही आहे. पण ती चिठ्ठी पाठवणाऱ्यांतले चांगले संपादक समासात चार खुणाही करत. श्री. पु. भागवतांसारख्या संपादकांकडे लेखक कशासाठी जात? छापून येण्यासाठी तर जातच, पण त्याहून आपले लिखाण कोणीतरी शेवटपर्यंत वाचेल यासाठी जात. ऑनलाइन जगात संपादकाचा अधिकार गेला आणि त्याबरोबर त्याची सेवाही गेली. ती सेवा परत आणायला हवी.

म्हणून तरुण लेखकांना माझे सांगणे आहे. मंच म्हणतो रोज भाग टाका. त्याच्या गणिताला ते सोयीचे असते आणि मग कथेत पाणी घालावे लागते. आपला हप्ता आपण ठरवावा, दहा दिवसांचा असला तरी चालेल, पण ठरला की मोडू नये. पुढचे चार भाग हातात तयार असल्याशिवाय पहिला प्रसिद्ध करू नये. ‘छान’, ‘मस्त’ म्हणणाऱ्यांचे आभार मानावेत आणि ज्याने सातव्या भागातली सासू पकडली, त्याला उत्तर लिहावे. असे पाच जण मिळाले की त्यांना सोडू नये.

आणि उरलेले मागणे आपल्याकडे, या मांडवात बसलेल्यांकडे आहे. 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्राने मराठीला अभिजात दर्जा दिला, त्याचे सोहळे आपण केले. उद्याची मराठी मात्र आज ज्या पडद्यांवर लिहिली जाते, तिकडे आपल्यातले किती समीक्षक फिरकतात? आपल्या संस्थेच्या प्रत्येक शाखेने महिन्यातून एक बैठक केवळ ऑनलाइन लेखनाच्या वाचनासाठी ठेवावी आणि लेखकाला समोर बसवून सविस्तर बोलावे. दिवाळी अंकांच्या संपादकांनी पूर्ण झालेल्या मालिका शोधून त्यांवर परीक्षणे छापावीत. पुरस्कार समित्यांनी वाचकसंख्या न विचारता कथा शेवटपर्यंत वाचावी. आणि आज इथे आलेल्या प्रत्येक अनुभवी लेखकाने एका नवख्याची एक मालिका पहिल्यापासून अखेरच्या भागापर्यंत वाचून, स्वतःच्या नावाने, दहा ओळींचा अभिप्राय लिहावा. पुढच्या वर्षी आपण पुन्हा भेटू तेव्हा त्या अभिप्रायांचा हिशेब या व्यासपीठावरून मागितला जावा, अशी सूचना मी कार्यकारिणीला करतो.